ओळंब्याची सावली

पहाटे पावणेपाच

गच्चीवर जाग येते. मे महिन्यात आमची अख्खी गल्ली गच्चीवर झोपते. शेजारी दोन नातवंडांना दोन्हीकडे घेऊन आजोबा, पलीकडे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक मच्छरदाणीत. चादरीखालचा स्लॅब आत्ता कुठे निवलाय. काल दिवसभर प्यायलेलं ऊन तो रात्रभर परत देत होता, थोडं वर आभाळाला आणि थोडं खाली खोल्यांना. ज्यांना जिना चढता येतो ते वर येतात. ज्यांना येत नाही ते त्या स्लॅबखाली रात्र काढतात. सासूबाई खाली आहेत. गुडघ्यांनी त्यांचा जिना बंद केला त्याला सहा वर्षं झाली.

जालन्यात घरं बांधायला लागून मला अठ्ठावीस वर्षं झाली. हरित इमारत कशी असते ते मी पहिल्यांदा हैदराबादेत पाहिलं. तिथलं सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर २००४ साली सुरू झालं. हरित इमारतींचं अमेरिकी 'प्लॅटिनम' मानांकन अमेरिकेबाहेर मिळवणारी ती पहिली इमारत. मधली अंगणं, जाळीच्या भिंती, छतावर वाढवलेली हिरवळ, वारा आत ओढणारे मनोरे. ती इमारत मला मनापासून आवडली. गाडीत बसून परत येताना मात्र एकच विचार डोक्यात होता, की माझ्या जिल्ह्यात हा प्रश्न रात्री दहा वाजता खालच्या खोलीत सुरू होतो आणि तिथपर्यंत हे ज्ञान अजून पोचलेलं नाही. तेव्हापासून माझं काम तेवढंच आहे.

सकाळी सव्वासहा

अंबड रस्त्यावरची साइट. चार दिवसांपूर्वी इथला स्लॅब भरला. मिस्त्री माझ्या आधीच वर चढलेत आणि बारदानावर पाणी मारतायत. उन्हाळ्यात आम्ही सहाला काम सुरू करतो आणि साडेअकराला थांबवतो. उरलेलं संध्याकाळी चारनंतर. हा नियम कुठल्या कागदावर नाही, पण माझ्या साइटवर तो मोडत नाही. कडक उन्हात घमेलं वाहणाऱ्या बाईला विचारलं की घर हिरवं म्हणजे काय, तर ती काय सांगेल याचा विचार घर बांधणाऱ्याने रोज करावा.

स्लॅबवर मातीचं आळं करून पाणी भरून ठेवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. मेच्या कोरड्या वाऱ्यात असं उघडं पाणी दिवसाला सेंटिमीटरभर तरी उडतं. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर म्हणजे रोजचं नऊशे-हजार लिटर, आणि ते सगळं टँकरचं. पाणी मारणं टाळता तर येत नाही. आम्ही वापरतो त्या सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळलेली असते आणि असं सिमेंट सावकाश घट्ट होतं. कोरड्या उष्ण हवेत त्याला दहा ते चौदा दिवस ओलं ठेवावं लागतं. म्हणून आम्ही बारदान अंथरतो, भिजवतो आणि वरून प्लास्टिकचा कागद दाबून टाकतो. पाणी अर्ध्याहून कमी लागतं. मिस्त्रींनी याला आधी विरोध केला होता, कारण डोळ्यांना पाणी दिसत नाही. आता तेच दुसऱ्या साइटवर जाऊन शिकवतात.

राखेचं सिमेंट मी मुद्दाम मागते. चुनखडीचा दगड भट्टीत चौदाशे अंशांच्या वर तापवला की इंधनाचा धूर निघतोच, पण खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. माणूस जगभर हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा. गोणीत राखेचा वाटा पंधरा ते पस्तीस टक्के असू शकतो. तेवढा दगड भाजायचा वाचला.

खाली भिंती बघते. या घराच्या भिंती उंदीरपिंजरा बांधणीच्या आहेत. विटा आडव्या न मांडता काठावर उभ्या करायच्या. नऊ इंची भिंतीच्या पोटात तीन इंचांची पोकळी राहते. लॉरी बेकर नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने केरळात राहून ही बांधणी सामान्य माणसाच्या घरात आणली. १९१७ साली जन्मलेला हा माणूस २००७ साली गेला तो भारतीय नागरिक म्हणून, पद्मश्री घेऊन, तिरुवनंतपुरममध्ये. या बांधणीत चौथा हिस्सा विटा वाचतात, मसालाही वाचतो आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. "मॅडम, भिंत पोकळ म्हटल्यावर मालक मला दारात उभा करणार नाही," असं मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले होते. मी त्यांना तीन फुटांची नमुन्याची भिंत बांधायला लावली आणि आठवड्याने त्यांच्याच हातात घण दिला. चार घाव घालून ते थांबले. त्यानंतर पोकळ हा शब्द त्यांनी काढला नाही.

निघताना त्यांना विचारते, दुपारी बाराला तुमच्या पुतण्याला थांबवाल का? ओळंबा घेऊन.

सकाळी साडेआठ

अंबड तालुक्यातलं गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्या घराबद्दल लिहितेय ते एका म्हातारीचं आहे.

आपल्याकडे जमिनीची दोनच नावं, काळी आणि पांढरी. काळी पिकते, पांढरी वसते. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावर बांधलेली भिंत दोन वर्षांत तडकते. जुन्या माणसांनी म्हणूनच गावठाण पांढरीवर ठेवलं आणि त्याच पांढऱ्या मातीने घरं शाकारली. आजींचं घर तसलं आहे, माळवदाचं. दोन-अडीच फूट रुंद भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडी चिपा, चिपांवर निंबाचा पाला आणि वर फूट-दीड फूट पांढरी माती. मध्ये सवणं, म्हणजे छतातलं भोक, उजेडाला आणि चुलीच्या धुराला. पावसाळ्यात त्याच्यावर पाटी पालथी टाकायची. बाहेर रस्ता तापलेला असताना मी उंबरा ओलांडते आणि डोळे अंधाराला सरावायच्या आधी अंगाला गारवा लागतो.

"काहून आली माय एवढ्या उन्हाची?" आजी विचारतात आणि तांब्या पुढे करतात.

अंगणापलीकडे नातवाचं घरकुल उभं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातून सपाट मुलखात घरामागे १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. नातवाने त्यात पदरचे घातलेत. स्लॅब पडलाय, विटकाम झालंय, गिलावा उद्यापासून सुरू. दार पूर्वेला, एक खिडकी दक्षिणेला, बाकी भिंती सलग.

"मी नाही जात त्या भट्टीत," आजी म्हणतात. "महं हितं बरं हाय."

नातू माझ्याकडे बघतो. त्याला वाटतं मी आजींची समजूत घालावी. आणि मला तर आजींचंच खरं वाटत असतं. तरी मी त्यांना त्या माळवदाखाली ठेवायला तयार नाही. याचं कारण बत्तीस वर्षांहून जुनं आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीला जमीन हलली. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन होतं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं सपाट झाली, सुमारे आठ हजार माणसं गेली. मी तेव्हा पॉलिटेक्निकला होते. दोन-तीन आठवड्यांनी आम्हा मुलांना शिक्षक तिकडे घेऊन गेले, ढिगारे मोजायला आणि शिकायला. मी पाहिल्या त्या भिंती अशाच रुंद होत्या. पण गोल दगड मातीत बसवलेले, बाहेरचं तोंड वेगळं, आतलं वेगळं, मध्ये खडे-माती भरलेली. दोन्ही तोंडं एकमेकांना बांधणारा आरपार दगड कुठे नव्हताच. हादऱ्याने दोन्ही तोंडं फाकली आणि वरचं माळवद खाली आलं. एका गावात लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा होता, भिंती मात्र चहूकडे पसरलेल्या. तो सांगाडा मी वहीत काढून ठेवला आहे.

त्या दिवसापासून मला माळवदाचं वजन पाठ आहे. दीड फूट माती म्हणजे चौरस मीटरला सातशे किलोच्या आसपास. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेसहा टन. पाच इंची स्लॅब त्याच्या निम्म्याहून कमी. माळवद दरवर्षी पावसाच्या तोंडाला नवी माती मागतं, आणि जुनी काढून टाकायला घरात माणसं उरलेली नसली की थरावर थर चढतो.

किल्लारीनंतर मराठवाड्याने दगड-मातीची धास्ती घेतली, ती योग्यच होती. नव्या घरांत लोखंड आलं, सिमेंट आलं, भिंती बांधल्या गेल्या. पण माती उतरवली तेव्हा तिच्याबरोबर गारवाही उतरला, आणि त्याची जागा कशाने भरायची ते कुणी सांगितलं नाही. एका बाजूला जीव घेणारं गार छत, दुसऱ्या बाजूला जीव वाचवणारं तापणारं छत. हरित बांधकामाचं मराठवाड्यातलं खरं काम या दोहोंच्या मधल्या जागेत आहे, असं मी मानते. दोन्ही गोष्टी एका छताला देता येतात. अवघड आहे ते घर बांधणाऱ्याच्या हातात पैसा असतानाच हे त्याच्या कानावर जाणं. घरकुलाचे हप्ते येतात ते जोत्याला, भिंतींना, छताला. गारव्याला हप्ता नाही.

नातवाला घेऊन स्लॅबवर जाते. आता वर काही जड टाकायचं नाही. दोन उपाय सांगते. पहिला, छताला पांढरा चुना. दुसरा, तुराट्यांचा मांडव. तूर काढून झाली आहे, घरोघर तुराट्यांचे भारे पडलेत. स्लॅबच्या वर हात-दीड हात मोकळी जागा सोडून बांबूवर तुराट्या पसरायच्या. ऊन तुराट्यांवर थांबतं आणि खालून वारा जातो. वळवाच्या वावधानात उडू नये म्हणून तारेने चारी कोपऱ्यांना आवळायचं, चुलीचा धूर आणि ठिणगी तिकडे जाऊ द्यायची नाही, आणि पाऊस लागायच्या आत भारे उतरवून घ्यायचे. पुढच्या वर्षी नव्या तुराट्या. पैसे लागतात ते तारेचे.

मग भिंती. टेप लावून दाखवते. उष्ण-कोरड्या हवेच्या मुलखात घरासाठीची केंद्राची संहिता सांगते की फरशीच्या किमान दहा टक्के जागा उघडणारी हवी. पंचवीस चौरस मीटरच्या घराला अडीच चौरस मीटर. सरकती खिडकी बसवली तर तिची अर्धीच जागा उघडते, हे दुकानदार सांगत नाही. तुझ्या घरात दाराच्या समोर काहीच नाही, दादा, आलेली हवा जाणार कुठे? पश्चिमेच्या भिंतीत एक खिडकी काढ, वर छज्जा दे.

नातवाचे काका तिथेच उभे असतात. तिकडून वाट जाते, चोर येतील, म्हणतात. गजांची खिडकी लावा, मी म्हणते. ते काही बोलत नाहीत. आजी ओसरीवरून बघत असतात.

सकाळी अकरा

परतीच्या वाटेवर कुंभाराकडे पाच मिनिटं. पसरट, उथळ वाडग्यांचा नमुना बघायचा आहे. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फक्त जागा भरतं, ताण सळई घेते. तिथे काँक्रीटऐवजी मातीची भांडी पालथी ठेवली की सिमेंट वाचतं आणि भांड्यातली हवा उष्णता अडवते. बेकर यांनी कौलं वापरली. आमच्याकडे कुंभार आहे. वाडग्याचा काठ अजून जाड हवा, तो म्हणतो पुढच्या भट्टीला करतो.

दुपारी बारा वाजून तेवीस मिनिटं

आज २० मे. जालना साधारण १९.८ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या १९-२० तारखेला आणि पुन्हा जुलैच्या २४-२५ तारखेला सूर्य आमच्या बरोबर डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात. म्हणून मी मेची तारीख धरते.

साइटवर सगळे जेवायला सावलीत गेलेत. मिस्त्रींचा पुतण्या आयटीआयला आहे; तो आणि मी नव्या स्लॅबच्या काठाशी. त्याने ओळंबा सोडलाय. दोरीची सावली आखूड होत होत लट्टूच्या खाली शिरते. काही क्षण दोरीला सावलीच नसते. मी त्याला भिंतीकडे बघायला सांगते. चारी भिंतींवर ऊन नाही. ते नुसतं घसरून जातंय. मग सगळं ऊन कुठे आहे? तो खाली, पायांकडे बघतो. चपलेतून चटका बसतोय.

हे एवढं दाखवायला मी दर वर्षी कुणाला तरी इथे उभं करते. आपल्या मुलखात उन्हाळ्याच्या ऐन महिन्यांत घराला मार बसतो तो छताला. पूर्वेची भिंत सकाळी, पश्चिमेची संध्याकाळी भाजते, त्यांनाही जपायचं; पण छत दिवसभर सोसतं. आणि घर बांधताना आपण पैसा घालतो दर्शनी भिंतीला.

त्याला आकडा सांगते. छतातून उष्णता किती वेगाने आत येते त्याचं माप असतं. संहितेप्रमाणे घराच्या छताला ते १.२ च्या वर जाऊ नये. उघड्या पाच-सहा इंची स्लॅबचं ते सव्वातीन-साडेतीन येतं. म्हणजे मर्यादेच्या तिपटीच्या जवळ. वर विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा केला तर सव्वादोन-अडीचवर येतं, अर्धी वाट. स्लॅबवर एक इंच जाडीचा दाट थर्मोकोल टाकून त्यावर कोबा केला तर मर्यादेच्या आत उतरतं. एक इंच. पन्नास वर्षं टिकणाऱ्या घराच्या खर्चात तो एक इंच कुठे दिसतसुद्धा नाही. पाऊण तासाच्या चर्चेत मालक ज्या फरशीचा रंग ठरवतात, तिच्यापेक्षा तो स्वस्त असतो.

छताला पाण्याने गार ठेवण्याची युक्तीही आपल्या शेजारीच आहे. संभाजीनगरच्या पाणचक्कीत मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. उन्हाळ्यात त्या दालनात उभं राहिलं की कळतं ते बांधणाऱ्यांना काय ठाऊक होतं. पण ते पाणी नहरीने डोंगरातून येत होतं. आम्हाला मेमध्ये छतावर ओतायला पाणी नाही. आमचं छत कोरडं राहूनच गार व्हायला हवं.

पुतण्या मोबाइलवर ओळंब्याचा फोटो काढतो. मी त्याला खाली पाठवते.

दुपारी दीड

डबा. भाकरी, दाळ, कैरीचा तक्कू. पंख्याखाली वीस मिनिटं पाठ टेकते.

दुपारी तीन

ऑफिसात नकाशे. तीन ही माझ्या नकाशांतली एक वेळ आहे. प्रत्येक घराच्या आराखड्यावर मी दोन वेळा लाल पेन्सिलीने लिहिते, दुपारी तीन आणि रात्री दहा. तीनला ऊन कुठल्या भिंतीवर आहे, घरातलं कोण कुठल्या खोलीत आहे. दहाला कोण कुठे झोपलंय, वारा कुठून येतोय. पश्चिमेच्या कोपऱ्यात वृद्धांची खोली आली की नकाशा परत फिरवते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका घरात असं केलं होतं, रस्त्याकडची दर्शनी खोली म्हणून आजोबांना पश्चिमेची दिली, मोठी काच लावून. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी खाट जिन्याखाली हलवली. त्या घरी मी नंतर जाऊन कडुनिंब लावले. झाडं मोठी व्हायला आठ वर्षं लागली.

नियम काय म्हणतात? जालना २०२३ साली महानगरपालिका झाली. त्याआधी, २०२० च्या डिसेंबरपासून, मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली लागू झाली. ती चांगली आहे. 'गृह' किंवा इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं मानांकन मिळवलं तर दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटई क्षेत्र मिळतं. 'गृह' ही आपल्या देशाची पद्धत, टेरी संस्थेने घडवलेली आणि २००७ साली केंद्राने स्वीकारलेली. पाऊसपाणी साठवणं ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना सक्तीचं. घरांच्या उष्णतेबद्दलची केंद्राची 'इको निवास संहिता' २०१८ च्या डिसेंबरमध्ये आली, तीही ५०० चौरस मीटरपासून पुढे.

माझ्या टेबलावर आज सात नकाशे आहेत. तीस बाय चाळीस फुटांचे चार, वीस बाय तीसचे तीन. तीस बाय चाळीस म्हणजे १११ चौरस मीटर. सातही घरं नियमाच्या दाराबाहेर. आणि जालना जिल्हा याच मापांत राहतो. मोठ्या इमारतींना नियम लावला हे ठीकच, तिथे एका नकाशात शंभर कुटुंबं येतात. पण लहान घराला सक्ती नको असेल, तर निदान मंजुरीच्या कागदासोबत छताची एक पानभर माहिती तरी हातात द्यावी, असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगत आले आहे. हवं तर ते पान मी लिहून देईन.

पावसाचा हिशेबही मी सातही नकाशांवर करते, नियम असो नसो. आमचा पाऊस वर्षाला साधारण साडेसहाशे-सातशे मिलिमीटर. हजार चौरस फुटांच्या छतावर साठ हजार लिटर पडतं, गळती आणि पहिलं धुवण सोडून अठ्ठेचाळीस हजार हाती लागतं. पाच माणसांना पिण्या-रांधण्याला रोज पन्नास लिटर धरलं, तर वर्षाला अठरा हजार. वीस हजार लिटरची जमिनीतली टाकी असली की घराचं पिण्याचं पाणी वर्षभराचं झालं. २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडी तलाव कोरडा पडला आणि शहर टँकरवर जगलं. बागाइतदारांनी मोसंबीची उभी झाडं कुऱ्हाडीने तोडली. त्याच दुष्काळात कडवंचीची द्राक्षं तगली, कारण नव्वदच्या दशकापासून त्या गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवलं आणि शेततळी केली. कडवंचीचा माणूस शिवाराचा ताळेबंद मांडतो. तोच ताळेबंद घराचा का मांडू नये, एवढंच माझं म्हणणं.

सायंकाळी साडेचार

एक तरुण जोडपं. दोघंही नोकरी करणारी. पुढची भिंत सगळी काचेची हवी, त्यांनी मोबाइलवर चित्र आणलंय. भूखंड पश्चिममुखी. मी नाही म्हणत नाही. त्यांना घेऊन खिडकीशी जाते. साडेचारचं ऊन तिरपं आत येऊन टेबलाच्या पायापर्यंत पोचलेलं असतं. त्यांना तिथेच खुर्च्या देते आणि बोलत राहते. दहा मिनिटांनी नवरा खुर्ची सरकवतो. बायको म्हणते, "ताई, काच उत्तरेला घेतली तर?" उत्तरेला घेतली तर उजेड मिळेल आणि ऊन जवळजवळ नाही. पश्चिमेला जाळीची भिंत, तिच्यामागे दोन हातांची ओसरी.

सौर पॅनलचं त्यांना आधीच माहीत आहे. २०२४ पासून सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, ते घ्यायचंच. मी क्रम तेवढा बदलून सांगते. आधी छत गार, मग पॅनल. तापलेल्या घराला गार करण्यासाठी सूर्याची वीज खर्च करणं म्हणजे गळक्या हंड्यात टँकर रिकामा करणं. आणि पॅनल थोडे उंच बसवले तर त्यांची सावलीही छताला मिळते.

सायंकाळी सहा

औद्योगिक वसाहतीवरून जाताना पोलाद कारखान्यांचा उजेड दिसायला लागतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या पोटात जालन्याची सळई आहे. ती बव्हंशी भंगार वितळवून होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. खनिजापासून नवं पोलाद करण्यापेक्षा भंगार वितळवणं पर्यावरणाला पुष्कळ हलकं. अडतं ते विजेपाशी, कारण भट्टीची वीज अजून बरीचशी कोळशाची आहे. ही वीज जसजशी सूर्याची होत जाईल, तसतशी आपली सळई देशातल्या सर्वांत स्वच्छ सळयांपैकी होऊ शकते. मी हे इथल्या प्रत्येक तरुण अभियंत्याला सांगते. आपल्या गावाला सांगण्यासारखी गोष्ट आहे ती.

सायंकाळी सात

सूर्य नुकताच बुडालाय. जुन्या जालन्यातल्या एका दोनखणी घराच्या छतावर आम्ही सहाजण. चुना काल रात्री भिजवून ठेवलेला, दोनदा गाळलेला, चिकटायला त्यात थोडा फेविकॉल. आधी झाडू, मग ओलं फडकं, मग आडवा हात, तो सुकला की उभा हात. पांढरं छत उन्हाचा मोठा वाटा परत फेकतं. धूळ बसली की ते कमी होतं, म्हणून दर वर्षी पाडव्याच्या आसपास हात फिरवावा लागतो. सणाला घर रंगवतो, त्यात छत धरायचं. पैसे फुटकळ, मेहनत एका संध्याकाळची. हैदराबादच्या त्या इमारतीत जे शास्त्र आहे त्यातलंच हे एक पान आहे, आणि हे पान प्रत्येकाच्या ऐपतीतलं आहे. घरमालकीण शिलाईकाम करतात, दिवसभर याच छताखाली बसून. त्या स्वतः ब्रश सोडत नाहीत. कडेला राहिलेला कोपरा मोबाइलच्या उजेडात पूर्ण करतात.

रात्री दहा

घरी. आमचं घर सासऱ्यांनी १९८६ साली बांधलं, उघडा स्लॅब. मी आल्यावर वर कोबा केला, चिनीमातीच्या पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे बसवले, पश्चिमेला वेल चढवली. तरी कोब्याने अर्धीच वाट कापली आहे. एक इंच राहिलाय. गच्ची उकरून तो घालायचं या वर्षी ठरलंय, पाऊस उघडला की. सासूबाईंच्या खोलीत स्टुलावर चढून छताला हात लावते. कोमट. त्या विचारतात, "काय गं, रोज काय बघतेस?" मी सांगते, तुमच्या कपाळाला बघतात तसं बघतेय. दोन्ही खिडक्या उघड्या आहेत का ते बघून घेते.

रात्री साडेदहा

गच्चीवर अंथरूण टाकताना फोन वाजतो. आजींचा नातू.

"मॅडम, झोपल्या नाही ना? काका तयार झाले. गजाची खिडकी लावा म्हणले."

"आणि आजी?"

"ती आयकतच नव्हती. मग म्हणली, त्या घराला सवणं असंल तर येते."

मी उठून बसते. स्लॅबला आता भोक पाडायचं नाही. पण सवण्याचं काम दुसरं काय होतं, वर जमलेली तापलेली हवा बाहेर जाऊ देणं. ते भिंतीतूनही होईल, स्लॅबला लागून, अगदी वर. पूर्वेच्या भिंतीत दाराच्या वर एक आणि समोर पश्चिमेला एक, वीतभर उंच, हातभर रुंद, बाहेरून जाळी आणि पावसासाठी तिरपी फरशी. रात्री खिडकी उघडी ठेवली की खालून गार येईल आणि वरून गरम निघून जाईल. आजींना आडवं पडल्यावर त्यातून आभाळाचा तुकडा दिसेल का? पूर्वेचं भोक जरा रुंद घेतलं तर दिसेल. खाट कुठे टाकणार ते विचारायला हवं.

"दादा, गवंडी उद्या किती वाजता येतोय?"

"सातला."

"मी सहाला पोचते. त्याला सांग, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला अजून हात लावू नको. आणि आजींना उठवून ठेव. भोक कुठे पाडायचं ते त्यांना विचारू."